विरघळलं किती, पोचलं किती

शाळेच्या प्रयोगशाळेतला हायड्रिलाचा प्रयोग बहुतेकांना आठवत असतो. पाण्याने भरलेलं चंचुपात्र, त्यात पालथं नरसाळं, नरसाळ्याखाली हिरव्या काड्या, वर पाण्याने भरून उलटी धरलेली परीक्षानळी, आणि हे सगळं खिडकीतल्या उन्हात. बुडबुडे मोजायचे असतात आणि ते येता येत नाहीत. मग बाई पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात आणि काडीच्या टोकाशी बुडबुड्यांची माळ लागते. प्रयोगवहीतला निष्कर्ष एका ओळीचा: कार्बन डायऑक्साइड मिळाला की झाड जास्त काम करतं.

‘प्लांटेड टँक’ नावाचा छंद या एका ओळीवर उभा आहे. काचेच्या टाकीत माशांच्या बरोबरीने, खरं तर माशांहून जास्त कौतुकाने, पाणवनस्पती वाढवायच्या. त्यांना सीओटू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, द्यायचा, याबद्दल आता फारसं दुमत नाही. तो पाण्यात उतरवायचा कसा, यावर मात्र चाळीसएक वर्षं घोळ चालू आहे.

एका तालुक्यातली दोन पाणी

हा घोळ समजून घ्यायला मुळशी तालुका सोयीचा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी. तिथलं पाणी बेसाल्टच्या कातळावरून धावत येतं, क्षार उचलायला त्याला सवडच मिळत नाही. पूर्व टोकाला हिंजवडी आणि माण. तिथल्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर बऱ्याच अवलंबून. बोअरचं पाणी त्याच बेसाल्टच्या फटींत मुरून राहिलेलं, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन वर आलेलं. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर बसणारा पांढरा थर त्याचाच.

घाटातल्या ओढ्यांत वनस्पतींना वायू कोण देतं? जमीन देते. मातीतली मुळं आणि जिवाणू सतत श्वसन करतात, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मुरणाऱ्या पाण्यात विरघळतो आणि झऱ्यावाटे बाहेर येतो. झऱ्याच्या तोंडाशी तो हवेच्या हिशेबाने असायला हवा त्याच्या कितीतरी पट असतो. पुढे धबधब्यांवर आपटत पाणी तो गमावत जातं. निसर्गात पाण्यात बुडबुडे सोडायला कुणी बसलेलं नसतं, पाणी वायू घेऊनच येतं. फ्लॅटमधल्या टाकीला असा झरा नाही. म्हणून सिलेंडर.

सह्याद्रीचा या छंदाशी आणखी एक धागा आहे. जगभरच्या टाक्यांत ज्या प्रजाती मिरवतात त्यांतल्या रोटाला, क्रिप्टोकोरिन, पोगोस्टेमॉन, एरिओकॉलॉन (आपला पानगेंद) यांचे भाऊबंद इथल्या ओढ्यांत आणि कातळांवरच्या डबक्यांत आहेत. साताऱ्याच्या पठारांवर फुलणारा वायतुरा हा ॲपोनोजेटॉन कुळातला. अर्थात अभयारण्यातून काडी उपटून आणणं हा गुन्हा आहे, आणि बाजारात रोपवाटिकेतली रोपं मिळत असताना त्याची गरजही नाही.

इथवरचा रस्ता

वायू पाण्यात किती विरघळेल ते त्याच्या दाबावर ठरतं, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं. गोटी सोड्याची बाटली म्हणजे हाच नियम. दाबाखाली वायू पाण्यात कोंडायचा, गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि तो फसफसून निघतो. टाकीला मात्र झाकणबंद दाब देता येत नाही, आणि तिच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

छंदाच्या बाजूने पाहिलं तर १९८०च्या दशकात जर्मनीत कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी सीओटू, तळाची ऊब आणि खतं यांची एक शिस्तशीर पद्धत बसवली. जपानमध्ये सायकलपटू आणि छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी १९८२ मध्ये आपली कंपनी काढली आणि टाकीतलं निसर्गचित्र ही कला म्हणून जगभर नेली. सुरुवातीला त्यांनी टाकीत चक्क सोडा वॉटर ओतून पाहिलं होतं, असं सांगतात. त्यांच्या काचेच्या नाजूक डिफ्युझरमुळे वायू देण्याचं उपकरणही दिवाणखान्यात दाखवण्याजोगं झालं. पुढे डेन्मार्कमध्ये ओले पेडरसन आणि सहकाऱ्यांनी रिक्सिया या पाणशेवाळीवर प्रयोग केले. त्यांतून दिसलं, की प्रकाश तोच ठेवून नुसता सीओटू वाढवला तरी वाढ वेग घेते. तोवर ‘आधी दिवे वाढवा’ हा सल्ला वेदवाक्य होता.

याच काळात उलट्या दिशेचाही एक प्रवाह तयार झाला. डायना वॉल्स्टॅड यांच्या १९९९ मधल्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड ॲक्वेरियम’ने सांगितलं, की टाकीच्या तळाशी साधी माती घाला, ती कुजताना लागेल तेवढा कार्बन डायऑक्साइड देते, सिलेंडर कशाला हवा? हा प्रवाह आजही जोरात आहे.

बुडबुड्याचा हिशेब

पंचवीस अंश तापमानाला, शुद्ध कार्बन डायऑक्साइडच्या सान्निध्यात, एक लिटर पाणी साधारण १,४५० मिलिग्रॅम वायू पोटात घेतं. हवेत तो अगदी थोडा, म्हणून हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात फक्त ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. टाकीत बहुतेकांना हवा असतो लिटरमागे ३० मिलिग्रॅम. म्हणजे पाणी घेऊ शकतं त्याच्या दोन टक्के, आणि हवा राहू देते त्याच्या पन्नास पट. विरघळवणं अवघड नाही. विरघळलेलं पळून जायला बघतं, ही अडचण.

शंभर लिटरच्या टाकीत ३० मिलिग्रॅमने एकूण वायू होतो जेमतेम तीन ग्रॅम. आकारमानात पावणेदोन लिटरच्या आतबाहेर. या हिशेबाने दोन किलोच्या सिलेंडरमध्ये अशा सहाशेहून जास्त भरण्या व्हायला हव्यात. प्रत्यक्षात सिलेंडर काही महिन्यांत रिकामा होतो. झाडं त्यातलं थोडं खातात, उरलेलं पाण्याच्या पृष्ठभागातून खोलीत जातं.

आता बुडबुडा. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा ४० सेंटिमीटर उंचीच्या टाकीत काही सेकंदांत वर पोचतो आणि फुटतो. त्याच वायूचे ०.१ मिलिमीटरचे बुडबुडे केले तर एकूण पृष्ठभाग दहापट होतो, आणि प्रत्येकाला वर यायला मिनिटाहून जास्त लागतं. पृष्ठभाग जास्त, मुक्काम लांब. बाजारातली सगळी उपकरणं या दोनपैकी एक किंवा दोन्ही साधायला धडपडतात.

त्यात एक गंमत आहे, जी पुष्कळ जण विसरतात. बुडबुड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असतो त्याच वेळी पाण्यातला नायट्रोजन आणि ऑक्सिजन आत शिरत असतो. वर पोचलेला चिमुकला बुडबुडा हा बराचसा हवेचाच असतो. तो फुटलेला पाहून ‘वायू वाया गेला’ म्हणून हळहळायचं कारण नाही. याच कारणाने रिॲक्टरच्या, म्हणजे वायू विरघळवण्याच्या बंद भांड्याच्या, डोक्याशी हळूहळू न विरघळणाऱ्या वायूचा कप्पा साठतो आणि अधूनमधून तो सोडून द्यावा लागतो.

उपकरणांची उतरंड

सगळ्यात खाली साखर-यीस्टची बाटली. कोमट पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट, झाकणाला भोक पाडून नळी. एक किलो साखरेपासून कागदावर अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पण मद्यार्क वाढला की यीस्ट आधीच मान टाकतं. त्याच्या वरची पायरी लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा. १०० ग्रॅम लिंबूसत्वाला १३० ग्रॅम सोडा लागतो आणि त्यातून ६९ ग्रॅमच्या आसपास वायू मिळतो. वाणसामानाच्या दुकानात दोन्ही मिळतं, त्यामुळे नवशिक्यांची सुरुवात बहुधा इथून.

मग सिलेंडर, रेग्युलेटर, नीडल व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, बबल काउंटर. ‘दर सेकंदाला किती बुडबुडे सोडतोस?’ हा छंदातला रोजचा प्रश्न. उत्तराला फारसा अर्थ नसतो, कारण प्रत्येक काउंटरचा बुडबुडा वेगळ्या मापाचा. ‘भाजीत किती चमचे तिखट’ विचारावं आणि चमचा कोणता ते विचारू नये, तसं.

टाकीच्या तोंडाशी पर्याय अनेक. वाटी पालथी घालून वायू कोंडायचा, नागमोडी शिडीवरून बुडबुडा फिरवत न्यायचा, सिरॅमिक चकतीचा डिफ्युझर लावायचा, पॉवरहेडच्या पंख्यात नळी घालून बुडबुड्यांचा चुरा करायचा, नाहीतर कॅनिस्टर फिल्टरच्या शोषनळीत वायू सोडून द्यायचा. (शेवटच्या प्रकारात फिल्टर ढेकर दिल्यासारखा खळखळतो आणि रात्री झोप उडवतो.) डिफ्युझरच्या चकतीवर दोन-तीन आठवड्यांत हिरवं-तपकिरी शेवाळ चढतं, बुडबुडे मोठे आणि एकाच कडेने येऊ लागतात. चकती पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन पुन्हा बसवावी लागते.

उतरंडीच्या टोकाला रिॲक्टर. त्याची घरगुती आवृत्ती पाण्याच्या फिल्टरच्या १० इंची हाउसिंगमधून होते. आतली कँडल काढायची, बाहेर जाणाऱ्या तोंडाला तळापर्यंत पोचेल अशी पीव्हीसी नळी जोडायची. कॅनिस्टरचं पाणी वरून आत येतं आणि खाली जाऊ लागतं, वायू वर चढू बघतो, पाणी त्याला पुन्हा खाली दाबतं. या झटापटीतच तो विरघळतो. बाहेर पडण्याचा रस्ता तळाशी असल्याने बुडबुड्याला सहजी निसटता येत नाही. घरच्या आरओच्या मागे लावलेली हाउसिंग मात्र यासाठी चालत नाही. तिचं तोंड पाव इंची, प्रवाह गळफास लागल्यासारखा अडतो. पाऊण इंची तोंडाची घ्यावी लागते.

पूर्ण विरघळलेला की धुक्यासारखा?

मुख्य मतभेद इथे आहे. एक पक्ष म्हणतो, वायू टाकीबाहेरच पूर्ण विरघळवा. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, बुडबुडा वाया जात नाही, आणि वायू पाण्यासोबत कानाकोपऱ्यात पोचतो. रिॲक्टर हे या पक्षाचं दैवत.

दुसरा पक्ष धुक्याचा. अमेरिकेतल्या टॉम बार यांनी साधारण वीस वर्षांपूर्वी आग्रहाने मांडलं, की अतिसूक्ष्म बुडबुडे पानांना चिकटतात आणि शुद्ध वायू थेट पानाशी नेतात. त्यामुळे पाण्यातलं प्रमाण तेच असताना वाढ चांगली होते. पानाभोवती पाण्याचा एक स्थिर, अगदी पातळ थर असतो, आणि वायूला तो ओलांडायला वेळ लागतो, कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. बुडबुडा हा थर भेदतो, असा युक्तिवाद.

आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. चिकटलेल्या बुडबुड्यात काही सेकंदांनी सीओटू उरतो किती? पानावरचे मोती प्रकाशसंश्लेषणाच्या ऑक्सिजनचे की डिफ्युझरमधून आलेले, हे डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे यशाच्या निम्म्या कहाण्या संशयास्पद ठरतात. शिवाय टाकी सतत सोड्याच्या ग्लाससारखी दिसते, ते सगळ्यांना रुचत नाही.

या दोघांच्या भांडणात तिसऱ्या गटाचं म्हणणं मागे पडतं, आणि सगळ्यात ठोस तेच वाटतं. त्यांच्या मते विरघळवण्यापेक्षा पाणी फिरवण्याकडे लक्ष द्या. पानाभोवतीचा स्थिर थर प्रवाहाने पातळ होतो. टाकीचं पाणी तासाला पाच ते दहा वेळा फिरावं, असा ठोकताळा आहे. एका कोपऱ्यात रोटाला लालबुंद आणि दुसऱ्या कोपऱ्यात शेवाळाने माखलेली, असं दिसलं की वायूचा नळ उघडण्याआधी फिल्टरच्या तोंडाची दिशा बदलून पाहावी.

पृष्ठभाग हलवावा की नाही, यावरही दोन मतं. पाणी हललं की वायू उडतो, म्हणून जुने लोक पृष्ठभाग आरशासारखा ठेवत. अलीकडे लहरी ठेवून वायू थोडा जास्त सोडण्याकडे कल आहे, कारण त्यामुळे ऑक्सिजन भरपूर राहतो, मासे सुखात असतात, आणि सीओटूचं प्रमाण दिवसभर स्थिर राहतं. वायू वाया जातो, पण सिलेंडर भरून आणणं मासे मरण्यापेक्षा स्वस्त.

वॉल्स्टॅड यांच्या वाटेने जाणारे या सगळ्याकडे लांबून बघतात. त्यांच्या बाजूने एक जैविक सत्य आहे. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकतात. बाईंच्या सोड्याने बुडबुडे वाढले त्यामागेही हेच. शेवाळवर्गी मॉस आणि बऱ्याच उभयचर वनस्पतींना ते जमत नाही. हिंजवडीच्या जड पाण्यात व्हॅलिस्नेरिया सिलेंडरशिवाय रान माजवते, ते उगाच नाही. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकलं जाणारं द्रव्य मात्र या वादात धरू नये. ते ग्लुटाराल्डिहाइड असतं, रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. शेवाळ मारतं हे खरं, पण ते म्हणजे सीओटू नव्हे.

मोजायचं कशाने

विरघळलेला सीओटू थेट मोजणारी उपकरणं महाग. म्हणून सगळे पीएच आणि कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, यांच्यावरून अंदाज बांधतात. वायूचं प्रमाण म्हणजे तीन गुणिले केएच गुणिले दहाचा (सात वजा पीएच) घात. याने ३० मिलिग्रॅमसाठी केएच १ असलेल्या, ताम्हिणीच्या वळणाच्या पाण्यात पीएच ६.० यायला हवा, आणि केएच १५ असलेल्या बोअरच्या पाण्यात ७.२. वायू तितकाच. ‘जड पाण्यात सीओटू विरघळत नाही’ ही समजूत इथूनच आलेली. तो तेवढाच विरघळतो, पीएच तेवढा हलत नाही.

सूत्राची गोची अशी, की टाकीत बुडलेल्या लाकडाचे टॅनिन किंवा सक्रिय मातीची आम्लं आली की ते खोटं बोलू लागतं. म्हणून ड्रॉप चेकर. काचेच्या छोट्या फुग्यात केएच ४ चं ठरलेलं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू, मध्ये हवेचा कप्पा, खाली टाकीचं पाणी. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे फार. टाकीचं पाणी कसंही असो, फुग्यातलं ठरलेलं असतं, म्हणून तो फसत नाही. पण वायूला हवेचा कप्पा ओलांडावा लागतो आणि रंग तासा-दोन तासांनी बदलतो.

सर्वांत जास्त चालणारा ठोकताळा म्हणजे ‘पीएच एक अंकाने उतरवा’. एक अंक म्हणजे दहापट. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यापासून मोजलं तर ०.६ चे सहाच होतात, तीस नाही. टाकीत मासे आणि जिवाणू रात्रभर श्वास घेतात, त्यामुळे आरंभबिंदू वर असतो, असं ठोकताळ्याचे समर्थक म्हणतात. तो आरंभबिंदू नक्की किती, हा वाद सुटलेला नाही. तीस या आकड्याचंही तसंच. तो झाडांच्या सोयीचा आणि माशांना चालणारा मध्यबिंदू म्हणून रूढ झाला. छोट्या कोळंबीपासून डिस्कसपर्यंत प्रत्येकाला दीर्घकाळ तो मानवतोच, असं कुणी ठामपणे सांगत नाही.

उन्हाळा, वीज आणि सिलेंडर

सिलेंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. वीस अंशांना दाब सुमारे ५७ बार, तीस अंशांना ७२. ३१ अंशांवर तो द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसून टाकतो. पुण्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बंद गॅलरीत ठेवलेल्या, काठोकाठ भरलेल्या सिलेंडरचा दाब म्हणूनच धोकादायक होऊ शकतो. गॅस सिलिंडर नियम २०१६ मधले आणि त्यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली केंद्रीय यंत्रणा करते. सोडा कारखान्यातून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून भरून आणलेल्या सिलेंडरच्या मानेवर चाचणीची तारीख कोरलेली आहे का, हे बघण्याची सवय मात्र थोड्यांनाच.

सिलेंडर संपतानाही एक चकवा असतो. द्रव संपला की आतला दाब घसरू लागतो, आणि एकटप्पी रेग्युलेटरचा बाहेरचा दाब नेमका तेव्हा वाढतो. उरलासुरला वायू झपाट्याने टाकीत उतरतो. दुटप्पी रेग्युलेटर हे टाळतो, पण तो महाग. दाबाचा काटा खाली झुकला की नवा सिलेंडर आणा, म्हणजे एकटप्पी पुरे, असंही एक मत आहे.

वीज गेली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, आपोआप मिटतो. साखर-यीस्टची बाटली मिटत नाही. पंप बंद, पाणी स्तब्ध, दिवे बंद म्हणून झाडंही ऑक्सिजन घेणाऱ्यांच्या रांगेत, आणि वायू चालूच. पावसाळ्यात पौड-पिरंगुटकडे वीज तासन्‌तास जाते तेव्हा हा फरक सकाळी पृष्ठभागावर तोंड वासलेल्या माशांच्या रूपाने दिसतो.

उरतो तो पीएच कंट्रोलर. ठरवलेल्या पीएचला वायू आपोआप बंद करणारं हे यंत्र पाण्याचा केएच स्थिर असेल तिथे उत्तम काम करतं. तो स्थिर राखायला आरओचं पाणी वापरावं, तर एका लिटरमागे त्याहून जास्त पाणी मोरीत जातं, आणि टँकरच्या सोसायटीत ते कुणाला पटवणार? समजा, केएच ४ धरून यंत्र ६.६ वर लावलं, म्हणजे ३० मिलिग्रॅम. पुढच्या आठवड्यात टँकर दुसऱ्या विहिरीचा आला, केएच १२. पाणी बदललं, आकडा तोच राहिला. यंत्र इमानदारीने ६.६ गाठेपर्यंत वायू सोडत राहणार, आणि तेव्हा पाण्यात असतील ९० मिलिग्रॅम. ड्रॉप चेकर पिवळा होईल, पण तासा-दोन तासांनी.